खिशात युरो, पण युरोपियन युनियनच्या बाहेर: मॉन्टेनेग्रोचं नेमकं अडलंय कुठे?

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. मी क्रूझ शिपवर गॅलीत (किचनमध्ये) कामाला आहे, घर वेंगुर्ल्याला, सध्या सुट्टीवर आलोय आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट गणपतीनंतर. गेल्या सीझनला आमचं जहाज सात-आठ वेळा कोटोरला लागलं, मॉन्टेनेग्रो देशात (एड्रियाटिक समुद्राच्या काठी, क्रोएशियाच्या शेजारी), आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय. घरी विचारलं की "ता खंय आसा?" एवढंच ऐकायला मिळतं म्हणून इथे विचारतो.

आधी जागा सांगतो. पहाटे जहाज खाडीत शिरतं आणि मग आत आत वळणं घेत जातं, आपल्या विजयदुर्गच्या खाडीसारखंच वाटतं, फक्त दोन्ही बाजूला डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि एवढे उंच की ऊन पाण्यावर यायला उशीर होतो. वाटेत पेरास्त नावाचं गाव लागतं, त्याच्यासमोर एक बेट आहे ते माणसांनी दगड टाकून टाकून बनवलेलं, अजून दरवर्षी २२ जुलैला गावातले लोक होड्या घेऊन जातात आणि दगड टाकतात. मला आपली नारळी पौर्णिमा आठवली, आपण नारळ देतो, ते दगड देतात.

तर मुद्दा असा की तिथे उतरलो, कॉफी घेतली, युरो दिले, सुट्टे पण युरोतच मिळाले. मी समजलो हा देश युरोपियन युनियनमध्येच आहे. आमच्याबरोबर डेकवर एक जण आहे तो तिथलाच, हेरसेग नोवीचा, तो म्हणाला नाही, आम्ही अजून बाहेरच आहोत. नंतर इटलीच्या एका पोर्टला आमचं साइन-ऑफ होतं तेव्हा डोळ्यासमोर बघितलं, डुब्रोवनिकचा क्रोएशियन पोरगा एका लाइनीतून दोन मिनिटांत बाहेर आणि हा माझ्याबरोबर दुसऱ्या लाइनीत. दोघांच्या गावात जेमतेम पन्नास किलोमीटर, भाषा एकमेकांची पूर्ण कळते, जहाजावर एकाच टेबलावर जेवतात. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं खरंच.

तर विचारायचं होतं की युरो वापरायची परवानगी आहे आणि मेंबर नाही हे कसं, आणि तो म्हणत होता २०१२ पासून बोलणी चालू आहेत, एवढ्या छोट्या देशाला एवढी वर्षं का लागतायत, आणि २०२८ ला नक्की घेणार असं तिथले लोक बोलतात त्यात किती तथ्य आहे. कोणाला नीट माहीत असेल तर समजावून सांगा.

परीक्षार्थी_रत्नागिरी

दादा, माझ्या अभ्यासात सध्या हाच विषय आहे, त्यामुळे उत्साहाने लिहितेय, लांबलं तर समजून घे.

आधी आकार डोळ्यासमोर आण. मॉन्टेनेग्रो साधारण १३,८०० चौरस किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा ८,२०८ आणि सिंधुदुर्ग ५,२०७, बेरीज १३,४१५. किनारा त्यांचा २९० किलोमीटरच्या आसपास आणि आपल्या दोन जिल्ह्यांचा मिळून जवळपास तेवढाच, मी हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा मलाच खरं वाटेना. माणसं मात्र २०२३ च्या जनगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या सिंधुदुर्गापेक्षा दोन लाखांनी कमी. आता विचार कर, आपले हे दोन जिल्हे स्वतःचं सैन्य, कस्टम, कोर्टकचेऱ्या, परराष्ट्र खातं सगळं चालवतायत आणि त्याच्यावर ईयूचे, म्हणजे युरोपियन युनियनचे, हजारो पानांचे कायदे आपल्या भाषेत आणून एकेक लागू करतायत. तेवढे भाषांतरकार आणि तेवढे जाणकार अधिकारी आणायचे कुठून, इथूनच उशीर सुरू होतो.

युरोचं असं की परवानगी कोणी दिलेलीच नाही. १९९९ मध्ये हा भाग युगोस्लाव्हियातच होता, बेलग्रेडला सर्बियन नेता मिलोशेविचचं राज्य, दिनारची किंमत रोज घसरायची. १९९० च्या दशकात तिथे महागाई एवढी भडकली होती की लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी गेल्या. म्हणून मॉन्टेनेग्रोच्या सरकारने आधी दिनारच्या जोडीला आणि मग एकट्यानेच जर्मन मार्क वापरायला घेतला. २००२ मध्ये मार्क जाऊन युरो आला तसा मॉन्टेनेग्रोसुद्धा युरोवर गेला. युरोपियन सेंट्रल बँकेशी कुठलाही करार नाही, स्वतः नोट छापता येत नाही, व्याजदर ठरवता येत नाही. ईयूने तेव्हाच सांगून ठेवलंय की हे आमच्या नियमात बसत नाही, नियमात आधी मेंबर व्हायचं, मग अर्थव्यवस्था कसोटीला उतरवायची आणि शेवटी युरो. यांनी शेवटची पायरी आधी चढलीय, आता ते प्रकरण बोलण्यांतच मिटवायचं आहे.

स्वातंत्र्याची गोष्ट पण ऐक कारण ईयूचा हात तिथपासून आहे. २००३ ला ईयूच्या हाविएर सोलाना यांच्या मध्यस्थीने सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो असं एक जोडराज्य केलं, लोक त्याला 'सोलानिया' म्हणायचे. तीन वर्षांनी वेगळं व्हायचं तर सार्वमत घ्या अशी सोय त्यात होती. मग ईयूने अट घातली की साधं बहुमत चालणार नाही, ५५ टक्के हवेत. २१ मे २००६ ला मतदान झालं, साडेपंचावन्न टक्के पडले! ५५ च्या रेषेच्या वर साधारण दोन हजार मतं, दादा, आपल्याकडे एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीत असतील तेवढी. त्या दोन हजार मतांवर एक देश झाला.

त्यानंतर डिसेंबर २००८ ला सदस्यत्वाचा अर्ज, डिसेंबर २००९ पासून शेंगेनला, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, बिनव्हिसा फिरायची मुभा, २०१० ला उमेदवार दर्जा, २९ जून २०१२ ला बोलणी सुरू. आणि 'बोलणी' शब्दाने आपली फसगत होते. बाजारात बसून घासाघीस करावी तसं यात काही नसतं. कायदे ठरलेले आहेत, ते सगळे घ्यायचेच. मागता काय येतं तर अमुक नियमाला दोन वर्षं जास्त द्या एवढंच. कायद्यांचे ३५ गठ्ठे केलेत, त्यांना चॅप्टर म्हणतात, त्यातले ३३ प्रत्यक्ष तपासले जातात. ३३ च्या ३३ उघडून २०२० मध्येच झाले. पण उघडणं म्हणजे तपासणी सुरू, बंद होणं म्हणजे पास, आणि जून २०१७ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत फक्त तीनच बंद होते. साडेसात वर्षं एकही नवीन नाही.

का ते पण सांगते. चॅप्टर २३ आणि २४, म्हणजे न्यायव्यवस्था, भ्रष्टाचार, संघटित गुन्हेगारी, सीमा. हे सगळ्यात आधी उघडतात आणि सगळ्यात शेवटी मिटतात, आणि यांच्यात प्रगती नसेल तर बाकीचेही अडवतात. नुसता कायदा पास करून भागत नाही, किती केसेस उभ्या राहिल्या, किती मोठ्या लोकांवर झाल्या हे बघतात. तिथे एकच नेता, मिलो जुकानोविच, कधी पंतप्रधान कधी राष्ट्राध्यक्ष असं करत जवळपास तीस वर्षं सत्तेत. २०२० ला त्याचा पक्ष हरला, २०२३ ला तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला. मधल्या काळात सरकारं पडत होती, घटना न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नव्हते म्हणून ते कोर्टच काही महिने ठप्प होतं. मग ऑक्टोबर २०२३ ला मिलोयको स्पायिच पंतप्रधान झाले, जून २०२४ ला ईयूने २३-२४ बाबत मधला टप्पा पार झाल्याचं मान्य केलं आणि तिथून गाडी पळायला लागली. डिसेंबर २०२४ ला तीन चॅप्टर बंद, जून २०२५ ला एक, डिसेंबर २०२५ ला एकदम पाच. २०२५ अखेर एकूण १२. त्यांची घोषणाच आहे, २८ साली २८ वा मेंबर.

इंजिनरूम_काका

बाबू, तू कोटोराक जावन इलंस ह्या वाचून बरा वाटला. मी देवगडचा, मर्चंट नेव्हीत पस्तीस वर्षं काढली, आता घरी हापूसची कलमं बघतो. बार बंदरात मी १९८८ ला गेलेलो, तेव्हा देश युगोस्लाव्हिया. जहाज बंदरात आत नेणारा आमचा पायलट कोटोरच्या मेरीटाइम शाळेत शिकलेला, सभ्य माणूस, त्याने मला सांगितलं होतं की आमच्या गावात मुलगा जन्मला की त्याची बॅग भरून ठेवतात. आपल्याकडेही काही गावं तशीच.

ह्या मुलीने अभ्यास छान मांडलाय पण एक गोष्ट मी जरा ठासून सांगेन. ब्रुसेल्सची, म्हणजे ईयूची, परीक्षा पास होऊन उपयोग नाही, शेजाऱ्यांची सही लागते. ईयूच्या कराराच्या कलम ४९ प्रमाणे नवीन मेंबर घ्यायचा तर सत्तावीसच्या सत्तावीस देशांचा होकार पाहिजे, आणि नुसता शेवटी नाही, प्रत्येक चॅप्टर उघडताना, प्रत्येक चॅप्टर मिटवताना. एकाने नाही म्हटलं की थांबलं. त्यामुळे सख्खा शेजारी आत बसलेला असेल तर जुनी सगळी भांडणं टेबलावर येतात.

तू ज्या खाडीत शिरलास ना, त्या तोंडाशी डावीकडे एक चिंचोळी जमीन दिसली असेल, तिचं नाव प्रेव्लाका. ती क्रोएशियाकडे. तिच्यावरून खाडीचं तोंड सगळं नजरेखाली राहतं म्हणून १९९२ पासून २००२ पर्यंत तिथे यूएनचे निरीक्षक बसलेले. २००२ ला दोघांनी तात्पुरता प्रोटोकॉल केला आणि यूएन निघून गेलं. तो तात्पुरता अजून तात्पुरताच आहे, समुद्रातली हद्द पक्की झालेली नाही.

मग 'यादरान' नावाचं शिडाचं ट्रेनिंग शिप, हॅम्बुर्गला बांधलेलं, १९३३ पासून तिकडच्या नेव्हीत. मी फोटोतच बघितलंय पण काय देखणं आहे, तीन डोलकाठ्या. युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा ते तिवातच्या गोदीत दुरुस्तीला होतं म्हणून मॉन्टेनेग्रोकडे राहिलं, क्रोएशिया म्हणतो त्याचं घर स्प्लिट बंदर, आमचं आम्हाला द्या. शिडाच्या एका जहाजासाठी दोन देशांच्या परराष्ट्र खात्यात एवढी वर्षं पत्रं चालतात हे बाहेरच्याला नवल वाटेल. पण ज्या कॅडेट्सनी त्याच्यावर दोरखंड ओढलेत त्यांना विचारा. मी असतो तर मलाही सोडवलं नसतं.

आणि ह्या सगळ्याच्या खाली जखम आहे १९९१ ची. डुब्रोवनिकला वेढा पडला त्यात मॉन्टेनेग्रोचे राखीव सैनिक होते. खाडीतच मोरिन्य गावात क्रोएशियन कैद्यांची छावणी होती. २००० मध्ये जुकानोविचने क्रोएशियाची माफी मागितली, ती मोठी गोष्ट होती, जाहीर माफी मागणारा पुढारी मी तरी क्वचित बघितला. पण जून २०२४ ला त्यांच्या संसदेने दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोवात्स छावणीवर ठराव केला, ती छावणी उस्ताशांच्या, म्हणजे नाझींच्या बाजूच्या फॅसिस्टांच्या, क्रोएशियात होती. झाग्रेबला, म्हणजे क्रोएशियाच्या सरकारला, तो झोंबला. डिसेंबर २०२४ ला चॅप्टर ३१ मिटायचा होता, परराष्ट्र धोरणाचा, ज्यात मॉन्टेनेग्रो ईयूच्या प्रत्येक भूमिकेबरोबर आहे, रशियावर निर्बंध सुद्धा २०१४ पासून लावलेत आणि त्याबद्दल रशियाने २०१५ ला उलट यांच्या खाद्यमालावर बंदी घातली. तयारी पुरी असलेला तोच चॅप्टर क्रोएशियाने अडवला.

मला याचं दुःख जास्त होतं कारण क्रोएशिया स्वतः ह्यातून गेलाय. २००८-०९ ला स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातावरून त्यांची बोलणी अडवून धरली होती. ज्याच्या पायाला काटा रुतला होता त्याने दुसऱ्याच्या वाटेत काटा टाकू नये. उमेदवार देशाने ठराव करताना वेळ बघायला हवी होती हेही तेवढंच खरं.

चिपळूणचा_प्रवासी

मला २०२८ पटत नाही, स्पष्टच लिहितो. एकदा उत्तर मॅसेडोनियाकडे बघा. २००५ पासून उमेदवार. ग्रीस म्हणाला मॅसेडोनिया हे नाव आमचं, तुम्ही बदला. २०१८ ला प्रेस्पा तलावाकाठी करार झाला, २०१९ ला देशाने स्वतःचं नाव बदललं, पुढे 'उत्तर' लावलं. नाटोत घेतलं. ईयूच्या वेळेला २०२० ला बल्गेरिया उभा राहिला, तुमच्या भाषेचं मूळ मान्य करा, इतिहासाची पुस्तकं बदला, आता घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा म्हणतात. ज्या देशाने स्वतःचं नाव दिलं त्याला अजून एकही चॅप्टर मिटवता आलेला नाही. माणसाने अजून काय द्यायचं? हे वाचलं की माझा तर ह्या सगळ्या प्रक्रियेवरचा विश्वासच उडतो.

दुसरं, पैसा. मॉन्टेनेग्रोने २०१४ ला चीनच्या एक्झिम बँकेकडून साधारण ९४ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, बार बंदरापासून सर्बियाच्या सीमेपर्यंतच्या हायवेचा पहिला टप्पा करायला. त्यात झाला किती तर ४१ किलोमीटर, स्मोकोवात्स ते मातेशेवो, २०२२ च्या जुलैत उघडला. डोंगर फोडून बोगदे आणि मोराचित्सा नावाचा दोनशे मीटर उंच पूल, काम कठीण आहे हे मान्य. पण कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई युरोमध्ये, वर कोविडमध्ये टुरिझम बसला, २०२० ला देशाचं कर्ज वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या वर गेलं. स्वतःची नोट छापता येत नाही हे वर ताईंनी लिहिलंय, तर अशा वेळी करायचं काय. मुंबई-गोवा हायवेवर २०११ पासून धूळ खाल्लेला माणूस आहे मी, अर्ध्या रस्त्याचा त्रास मला समजतो.

परीक्षार्थी_रत्नागिरी

चिपळूणच्या दादांचा राग मला कळतो, मॅसेडोनियाबद्दल तर शंभर टक्के सहमत, त्यांच्यावर अन्याय झालाय. पण मॉन्टेनेग्रोची केस दोन ठिकाणी वेगळी आहे. त्यांच्या नावावर, भाषेवर, अस्तित्वावर ईयूतला कुठलाच मेंबर प्रश्न उभा करत नाही, क्रोएशियाशी जे आहे ते जहाज, हद्द, नुकसानभरपाई, बेपत्ता माणसांचा शोध असं मोजता येणारं आहे आणि त्यावर दोघं बसून बोलतायत. कोसोव्होला यांनी २००८ मध्येच मान्यता दिली, सर्बियाचा रोष पत्करून, आणि कोसोव्होबरोबर सीमा आखून तिचा करारही केला. जून २०१७ ला नाटोत गेले, त्याच्या आधीच्या वर्षी निवडणुकीच्या दिवशी उठावाचा कट पकडल्याचं सरकारने सांगितलं होतं, एवढ्या तणावात हे सगळं केलंय. आणि लहान असणं इथे फायद्याचं, सव्वासहा लाख माणसं आली तर ईयूच्या बजेटला धक्का बसत नाही, शेतकऱ्यांना भीती नाही.

चिनी कर्जाचं म्हणाल तर २०२१ ला त्यांनी डॉलरचा धोका कमी करायला पाश्चात्त्य बँकांशी करार केले, आणि पुढच्या टप्प्याला, मातेशेवो ते आंद्रियेवित्सा, ईयूचं अनुदान आणि ईबीआरडी या युरोपियन विकास बँकेचं कर्ज आहे. म्हणजे रस्त्याचा पैसा कुठून येतो हासुद्धा ह्याच प्रवासाचा भाग झालाय.

२०२८ नक्की असं मी म्हणणार नाही. २०२६ संपेपर्यंत सगळे चॅप्टर मिटवायचे असं त्यांचं ध्येय आहे, त्यानंतर प्रवेश करार लिहायचा, सत्तावीस देशांत मंजूर करून घ्यायचा, त्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. क्रोएशियाने डिसेंबर २०११ ला सही केली आणि १ जुलै २०१३ ला आत गेला. हिशोब बसतो, पण मध्ये एक दिवसही वाया घालवून चालणार नाही.

रापणकर_मालवण

मी राजकारणातलं जास्त सांगू शकत नाही. पण त्या बारा चॅप्टरमध्ये तेरावा नंबरचा चॅप्टर आहे, मच्छीमारीचा, तो डिसेंबर २०२५ ला मिटला हे वाचून मी खोदून खोदून माहिती काढली कारण आमचं रोजचं जगणं तेच आहे.

ईयूचा भूमध्य समुद्रासाठी नियम आहे २००६ चा. ट्रॉलर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत जाळं ओढू शकत नाही, जिथे पन्नास मीटर खोली त्याच्या आधीच लागते तिथे त्या खोलीपर्यंतचं पाणी सोडायचं. प्रत्येक होडीची नोंद, कोणी किती काय पकडलं त्याची नोंद, मोठ्या बोटीवर कुठे फिरते ते दाखवणारं यंत्र. आणि आत जायचं तर हे लिहून भागत नाही, तपासणी करणारे इन्स्पेक्टर, गस्तीची बोट, दंड केल्याचे कागद दाखवायला लागतात.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. जून-जुलैची बंदी आहे, पर्ससीन जाळ्यांवर २०१६ चा आदेश आहे, एलईडी लाइट लावून मासे पकडायला २०१७ पासून बंदी आहे. तरी थंडीच्या रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभा राहून बघा, समुद्रात गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. बाहेरचे हायस्पीड ट्रॉलर आत येऊन आमची जाळी फाडून जातात. माझीच दोन वर्षांपूर्वी गेली, तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. चाळीस माणसं पहाटेपासून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात आणि दोन टोपल्या हाताला लागतात.

म्हणून मला असं वाटतं की बाहेरून कोणीतरी येऊन "कायदा दाखवू नका, दंडाची पावती दाखवा" म्हणणारा असणं, हे त्या देशातल्या छोट्या होडीवाल्याचं भाग्य आहे. त्याला यंत्र बसवायचा खर्च पडेल, कागद भरायचा कंटाळा येईल, पण तीन मैल त्याचे राहतील.

दर्यावर्दी भाऊ, पुन्हा जाशील तेव्हा तिथल्या जेट्टीवर कोणी मच्छीमार भेटला तर एवढं विचार, नियम आल्यापासून ट्रॉलर खरंच लांब गेले का. मला ते फार जाणून घ्यायचंय.

मिठागर_शिरोडा

मी शाळेत भूगोल शिकवते, शिरोड्याला. मॉन्टेनेग्रोच्या दक्षिण टोकाला उल्तसिन नावाचं गाव आहे, अल्बेनियाच्या सीमेजवळ, तिथे साधारण पंधराशे हेक्टरचं मिठागर आहे. गेल्या शतकात १९३० च्या दशकात सुरू झालं, खाजगीकरण झालं, कंपनी बुडाली, मीठ थांबलं. ती जमीन विकून तिथे टुरिझम प्रकल्प करायचे बेत होते. पण एड्रियाटिकवरून येणारे-जाणारे पक्षी तिथे उतरतात, रोहित (फ्लेमिंगो) सुद्धा. ईयूने पर्यावरणाच्या चॅप्टर २७ मध्ये नाव घेऊन लिहिलं की उल्तसिनचं मिठागर राखल्याशिवाय हा चॅप्टर मिटणार नाही. २०१९ ला ते निसर्ग उद्यान जाहीर झालं आणि रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आलं.

एका मिठागराचं नाव ईयूच्या अटींत येतं, ह्याने मला अंगावर काटा आला. आमच्या शिरोड्याच्या मिठागरावर १९३० ला सत्याग्रह झाला होता, आज तिथे मीठ पिकवणारी मोजकी कुटुंबं उरलीत आणि मुलांना विचारलं तर आजोबा जायचे एवढंच सांगतात.

पण घाईने खूश होऊ नका. जाहीर करून काम संपलेलं नाही. मिठागरात पंपाने समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, नाहीतर पावसाचं गोडं पाणी साचून सगळं झुडपांचं रान होतं आणि पक्षी निघून जातात. पंप जुने, बांध फुटलेले, आणि खर्च कोणी करायचा त्याचा वाद. मिठागर सोडून दिलं की निसर्ग आपोआप राहतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं, मिठागर हे माणसाच्या हाताने राखलेलं पाणी आहे. रोज राबणारा माणूस गेला की पक्षीपण जातो. २७ नंबर अजून उघडाच आहे आणि सगळ्यात खर्चिक तोच म्हणतात, सांडपाणी, कचरा, प्लेव्लियाचं कोळशावरचं वीजकेंद्र सगळं त्यातच येतं.

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

एवढं सगळं लिहिलंत, खरंच मनापासून आभार. दोनदा वाचलं, मग आईला पण वाचून दाखवलं, तिला रापणीचं आणि मिठागराचं सगळ्यात जास्त लागलं.

प्रेव्लाका मी बघितलीय काका, फक्त नाव माहीत नव्हतं. रात्री निघताना तिथला दिवा दिसतो, त्याच्या पुढे गेलं की मोठा समुद्र सुरू होतो आणि जहाज हलायला लागतं, किचनमध्ये सगळी भांडी बांधायला लागतात म्हणून ती जागा लक्षात आहे.

त्या मित्राला काल व्हॉट्सॲपवर विचारलं की २०२८ चं तुला काय वाटतं. तो म्हणाला माझी आई २००६ ला मत द्यायला गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तिचा हात धरून गेलेलो, आता माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. बाकी काही बोलला नाही, त्याचा आणि मुलाचा हेरसेग नोवीच्या धक्क्यावरचा फोटो पाठवला. यादरानचं विचारलं तर म्हणाला माझा मामा त्याच्यावर कॅडेट होता.

एक राहिलंच विचारायचं. सत्तावीस देशांत मंजुरी म्हणजे प्रत्येक देशात लोकांचं मतदान होतं की संसदेत?

परीक्षार्थी_रत्नागिरी

बहुतेक ठिकाणी संसदेतच. फ्रान्सच्या घटनेत मात्र नवीन मेंबरसाठी सार्वमताची तरतूद आहे, ती टाळायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तीन-पंचमांश बहुमताने ठराव करावा लागतो. क्रोएशियाला ती अट लागू नव्हती, मॉन्टेनेग्रोला लागेल. त्यामुळे झाग्रेबच्या सहीइतकंच पॅरिसकडे पण लक्ष ठेवायला लागणार.

इंजिनरूम_काका

बाबू, परत कधी जातंस ता कळव. बार बंदर लागला तर धक्क्याचो एक फोटो पाठव माका, १९८८ नंतर बघूक नाय मी.

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

नक्की काका. ऑक्टोबरात जॉइन होतोय. आमचा रूट कोटोरपर्यंतच असतो पण बारला जाणारी बस आहे असं तो म्हणाला, अर्धा दिवस सुट्टी मिळाली तर जाऊन येईन. जेट्टीवर मच्छीमार भेटला तर ट्रॉलरचं पण विचारतो, मालवणच्या भाऊंना इथेच लिहीन.